दिवा लागेना, पालीचं पोट भरेना

घराला ओटा, ओट्याला भिंत, भिंतीला दिवा. दिव्याखाली कोण? कान द्या, सांगते.

दिव्याखाली होती एक पाल. एवढीशी. बोटाएवढी. रंग मातीचा. डोळे मण्यांचे. पोट इतकं पातळ, इतकं पातळ, की काल काय खाल्लं ते बाहेरून दिसायचं!

पाल स्वतःलाच म्हणायची, "मी काही मोर नाही. मला बघून कुणी टाळ्या वाजवत नाही. किंचाळतात मात्र सगळे."

घर होतं हौसाक्काचं. अक्काचा अंबाडा मोठा. अक्काचा आवाज त्याहून मोठा. रोज दिवेलागणीला अक्का बटण दाबायची. खट्! दिवा लागायचा. दिवा लागला की किडे यायचे. भुर्र भुर्र! किडे आले की पाल जेवायची. गट्टम!

मग एक दिवस घरात नवा मीटर आला. स्मार्ट मीटर. दाराशेजारी भिंतीवर बसला. त्याच्या अंगावर एक लाल टिकली. वीज जळली की टिकली लुकलुकायची. लुक लुक लुक! जास्त जळली की जास्त लुकलुकायची. लुकलुकलुकलुक!

मग आलं बिल. अक्कानं बिल वाचलं. मटकन खाली बसली. मग ताडकन उठली.

"हा मेला मीटर पळतोय! बंद करा सगळं!"

पंखा बंद. टीव्ही बंद. ओट्यावरचा दिवा बंद. मीटरच्या गळ्यात लिंबू-मिरची. अक्काचे मालक रंगाअण्णा बिचारे अंधारात बसले.

"अगं, मी चहा समजून तेल प्यायलो की गं!"

"प्या. तेलाला वीज लागत नाही."

ओट्यावर दिवा नाही. दिवा नाही म्हणून किडा नाही. किडा नाही म्हणून पाल उपाशी. आजही उपाशी, कालही उपाशी. पोटात कुर्र कुर्र! पोट इतकं रिकामं, की त्यातून पलीकडची भिंत दिसायला लागली.

पाल म्हणाली, "रडून काय होतंय? पालीचं रडू कुणाला दिसतं? चला, विचारू या."

पाल निघाली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. दिव्याकडे गेली.

"दिव्या, दिव्या, लाग की रे!
किडा येईना,
पोट भरेना!"

दिवा म्हणाला, "बटण हलल्याशिवाय मी लागायचा नाही."

पाल निघाली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. बटणाकडे गेली.

"बटणा, बटणा, हल की रे!
दिवा लागेना,
किडा येईना,
पोट भरेना!"

बटण म्हणालं, "अक्कानं दाबल्याशिवाय मी हलायचं नाही."

पाल म्हणाली, "मीच दाबते की!" तिनं डोकं लावलं. पोट लावलं. चारी पाय लावले. लोंबकळून बघितलं. बटण हललंसुद्धा नाही.

"तुझं वजन किती गं?" बटणानं विचारलं. "माशीएवढं?"

"माशी मिळाली असती तर इथं आले असते का?" पाल म्हणाली.

आणि निघाली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. अक्काकडे गेली.

अक्का दारात बसली होती. हातात केरसुणी. डोळे मीटरवर.

"अगं बाई! पाल! पाल!"

"हो, पालच," पाल म्हणाली. "आपलं स्वागत असंच होतं."

"अक्का, अक्का, दाब की गं!
बटण हलेना,
दिवा लागेना,
किडा येईना,
पोट भरेना!"

अक्का म्हणाली, "मीटर थांबल्याशिवाय मी दाबायची नाही!"

"एकच दिवा, अक्का."

"एक म्हणजे एकच का? तुझ्या किड्यांसाठी मी बिल भरू? की तुझा मामा भरतोय? नीघ!"

केरसुणी आपटली. धप्प!

पाल निघाली. जरा जोरातच निघाली. सुळुकसुळुकसुळुकसुळुक! मीटरकडे गेली.

"मीटरा, मीटरा, थांब की रे!
अक्का दाबेना,
बटण हलेना,
दिवा लागेना,
किडा येईना,
पोट भरेना!"

मीटर म्हणाला, "मी काय हौसेनं पळतोय? कुणीतरी वीज ओढतं, मी मोजतो. आत्ता ओढतोय तो आतला फ्रीज. फ्रीज निजल्याशिवाय मी थांबायचा नाही. आणि जाता जाता ती मिरची जरा सरकव गं. नाकात जातेय."

पालीनं मिरची सरकवली. मीटर शिंकला. आँक्छी! पाल शिंकली. आँक्छी! शिंकता शिंकता भिंतीवरून सुटली आणि पडली. पट्!

"पालसुद्धा भिंतीवरून पडते," पाल म्हणाली. "बघितलं नाही ना कुणी?"

"मी बघितलं," मीटर म्हणाला. "मी सगळं बघतो."

पाल निघाली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. स्वयंपाकघरात फ्रीजकडे गेली.

फ्रीज घुरघुरत होता. घुर्र घुर्र! घुर्र घुर्र!

"फ्रिजा, फ्रिजा, नीज की रे!
मीटर थांबेना,
अक्का दाबेना,
बटण हलेना,
दिवा लागेना,
किडा येईना,
पोट भरेना!"

फ्रीज म्हणाला, "निजू कसा? मी गार करतो, गारवा फटीतून पळतो. पुन्हा गार करतो, पुन्हा पळतो. घुर्र घुर्र! दार मिटल्याशिवाय मी निजायचा नाही."

पाल दाराकडे गेली. लांब कुठं जायचं होतं? सुळुक. एकच सुळुक.

"दारा, दारा, मीट की रे!
फ्रीज निजेना,
मीटर थांबेना,
अक्का दाबेना,
बटण हलेना,
दिवा लागेना,
किडा येईना,
पोट भरेना!"

दार म्हणालं, "मला काय असं अर्धवट उभं राहायची हौस आहे? मध्ये बघ काय अडकलंय. पळी निघाल्याशिवाय मी मिटायचं नाही."

पालीनं फटीतून बघितलं. आत आमटीचं पातेलं. सणाची आमटी, उरलेली, जपून ठेवलेली. आमटीत उभी पळी. पळीचा दांडा लांब. इतका लांब, की थेट दाराबाहेर!

पाल आत गेली. सुळुक... हुडहुड! सुळुक... हुडहुड!

"पळी, पळी, नीघ की गं!
दार मिटेना,
फ्रीज निजेना,
मीटर थांबेना,
अक्का दाबेना,
बटण हलेना,
दिवा लागेना,
किडा येईना,
पोट भरेना!"

पळी म्हणाली, "हळू बोल. मी अक्काच्या माहेरची आहे. लांब दांड्याची पळी या गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नाही. मी काय माझ्या पायानं इथं आले? अक्कानंच ठेवलं मला. अक्कानं उचलल्याशिवाय मी निघायची नाही."

पाल म्हणाली, "अक्का? पुन्हा अक्का? अगं, मी अक्कापासून निघाले आणि अक्कापाशीच आले! मघाशीच विचारलं असतं, तर एवढी थंडी तरी वाजली नसती."

पाल निघाली. कुडकुडत निघाली. सुळुक हुडहुड, सुळुक हुडहुड. अक्काकडे गेली.

"अक्का, अक्का, उचल की गं!
पळी निघेना,
दार मिटेना,
फ्रीज निजेना,
मीटर थांबेना,
अक्का दाबेना,
बटण हलेना,
दिवा लागेना,
किडा येईना,
पोट भरेना!"

अक्का उसळली. "पळी? माझी पळी? माझ्या माहेरची पळी? तिला नावं ठेवतेस? अहो, ऐकलंत का? पाल आता मला संसार शिकवणार!"

"ऐकतोय," अण्णा अंधारातून म्हणाले. "दिसत काही नाही."

आता काय करायचं? पालीचं बोलणं अक्का ऐकेना.

पण पालीचं चुकचुकणं? ते अक्का ऐकायची! कुणी काही बोललं आणि लगेच पाल चुकचुकली, की बोललेलं ते खरं. अक्काच्या आईनं तसं सांगितलं होतं. मग जमिनीवर बोट आपटायचं, टक टक टक, आणि म्हणायचं, "खरं आहे, खरं आहे."

अक्का म्हणाली, "थांब. तू तोंड वाजवू नकोस. मी नावं घेते. या घरात वीज कोण सांडतंय, ते चुकचुकून सांग. बघूच!"

पाल भिंतीवर चढून बसली.

"दिवा सांडतोय?"

पाल गप्प.

"पंखा सांडतोय?"

पाल गप्प.

"मीटर सांडतोय! बोल, मीटरच ना? बोल की!"

पाल गप्प. मीटरही गप्प. लुकलुकलुकलुक.

"मग काय, हे सांडतायत?"

"मी?" अण्णा म्हणाले. "मी तर श्वाससुद्धा हळू घेतोय."

पाल गप्प.

नावं संपली. अक्का चिडली. हात कमरेवर गेले. अंबाडा हलला.

"म्हणजे काय? मी सांडतेय?"

चुक् चुक् चुक्!

अक्काचं बोट खाली गेलं. सवयच ती. टक टक टक! तोंड उघडलं. सवयच ती. "खरं आहे, खरं आहे!"

आणि मग अक्काला कळलं, आपण काय म्हणालो ते.

अंधारात अण्णा हसले. खी खी खी!

"हसू नका!" अक्का ओरडली.

अण्णांनी तोंडावर हात धरला. हाताच्या बाजूनं हसू आलं. फुर्र!

अक्का उठली. धप् धप् धप्, स्वयंपाकघरात गेली. पाल मागं मागं. सुळुक सुळुक. अक्कानं बघितलं. फ्रीजचं दार उघडं. दारातून दांडा बाहेर. आणि पायांवर गार गार वारा!

अक्का बघत राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला. चट्!

"अगं हौसे! दिवा बंद केलास. पंखा बंद केलास. नवऱ्याला तेल पाजलंस. मीटरला मिरची बांधलीस. आणि फ्रीज? फ्रीज ठेवलास उघडा! सगळ्या घराला गप्प केलंस, आणि स्वतः गावभर गारवा वाटत बसलीस! काय तुझी हुशारी, काय तुझा तोरा!"

आणि अक्का हसायला लागली. हा हा हा! अंबाडा सुटेपर्यंत हसली.

पाल म्हणाली, "माझं तरी काय, अक्का? दिव्यापुढं बोलले, बटणापुढं बोलले, फ्रीजमध्ये जाऊन पळीपुढं बोलले. नुसतं चुकचुकले असते तर भागलं असतं. माझी अक्कल होती शेपटीत. शेपटी मांजरानं नेली."

अक्कानं पळी धरली. उचलली. टण्!

पळी निघाली. टण्!
दार मिटलं. धप्!
फ्रीज निजला. घुर्र... घुर्... घु...

अक्का ओट्यावर धावली. पाल ओट्यावर धावली. अण्णाही धावले. वाटेत दाराला धडकले. धाड्!

मीटरची टिकली बघा बघा. लुकलुकलुक... लुक लुक... लुक... लुक...

"थांबला!" अक्का म्हणाली. "पळायचा थांबला!"

"पळायचा थांबलो," मीटर म्हणाला. "आता चालतोय. तुम्ही दमानं घ्या, मीही दमानं घेतो. आणि अक्का, ही मिरची..."

अक्कानं मिरची काढली. जरा लाजलीच. आणि बटणापाशी गेली.

पळी निघाली,
दार मिटलं,
फ्रीज निजला,
मीटर थांबला,
अक्कानं दाबलं. खट्!
बटण हललं,
दिवा लागला. लख्ख!
किडे आले. भुर्र भुर्र! भुर्र भुर्र!
आणि पालीचं पोट?

गट्टम! गट्टम! गट्टम! भरलं!

इतकं भरलं, की पोटात सगळं बाहेरून दिसायला लागलं. हा हिरवा किडा. तो तपकिरी. हा बघा, याचे पंख अजून हलतायत!

"ई!" अक्का म्हणाली. "जेवलीस ते झाकून तरी ठेव!"

"झाकू कशानं, अक्का? मला पदर कुठंय?"

अण्णांनी उजेडात कप उचलला. नीट बघितला. वास घेतला. चहाच होता! मग प्यायले. फुर्र फुर्र!

ओट्यावर उजेड झाला, पालीचं पोट भरलं, आमची गोष्ट मिटली. तुमच्या फ्रीजचं दार मिटलं का?