कायदे बघून आलेले पंच

फार पूर्वी एका डोंगराळ राज्यात एक रंगारीण राहायची. तिचा नवरा तळघरात डांबलेला होता. तिथला कायदाच तसा! कुणी येऊन तुमच्या पायाशी काळा खडा ठेवला की तुम्ही गुन्हेगार. निर्दोष आहात? मग सिद्ध करा. तोवर तळघर. अंधारात बसून माणूस काय डोंबल सिद्ध करणार? पण असं विचारलं की म्हातारे पंच म्हणायचे, “आमचे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत!”

शेवटी राजालाच शंका आली. त्यानं पंचांना देशोदेशीचे कायदे बघायला धाडलं. रंगारणीला सांगितलं, “ते आले की तुझ्या नवऱ्याचं बघू.”

पंच पालख्यांतून गेले आणि बऱ्याच काळानं ढेऱ्या वाढवून परतले. सभा भरली.

थोरले पंच म्हणाले, “महाराज, उत्तरेकडे चोराचा हात तोडतात. पूर्वेकडे भाकरी चोरली तरी फाशी! आपण नुसतं डांबतो. आपल्याइतका दयाळू कायदा पृथ्वीवर नाही!”

टाळ्या पडल्या.

“आणि दक्षिणेकडे, आजोबा?” रंगारणीनं विचारलं.

“तिकडं नुसता पोरखेळ! आळ घेणाऱ्याकडंच पुरावा मागतात. नसला तर आरोपी घरी. जेवणही अळणी.”

रंगारीण सुन्न झाली. असाही देश होता? आणि हे तिथं नुसते जेवून आले?

ती उठली. तिनं एक काळा खडा थोरल्या पंचांच्या पायाशी ठेवला. “यांनी माझी रंगाची कढई चोरली.”

शिपायांनी लगेच म्हाताऱ्याचे दंड धरले.

“अगं भवाने, पुरावा कुठाय? तो तू द्यायचा! दक्षिणेकडं तर...” म्हाताऱ्यानं जीभ चावली. पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

“आळ खोटाच आहे, महाराज,” रंगारीण म्हणाली. “पण तळघरात बसून यांनी तो कसा खोडला असता?”

राजाचा चेहरा उतरला. त्यानं तळघर उघडायला लावलं.

नवरा भिंत चाचपत वर आला. उजेड सोसेना म्हणून डोळ्यांवर हात धरून त्यानं विचारलं, “माझ्यावर आळ तरी कसला होता?”

राजानं पंचांकडे पाहिलं. पंचांनी एकमेकांकडे. बायकोलाही कधी कुणी सांगितलं नव्हतं.

एक पंच मान खाजवत पुटपुटला, “काहीतरी असेलच की.”

तात्पर्य, आणि हे मोठ्यांनी आधी वाचावं: आपल्याहून वाईट शोधत हिंडलं की आपला अन्यायही दया वाटतो. तोच आपल्या मानेवर बसला की चांगला कायदा कुठल्या देशात आहे, ते बरोब्बर आठवतं.