मुठीएवढी जखम

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार. पहाटे धुकं, नवानंतर कोरडं ऊन, वारा पूर्वेचा.

"मुठीएवढी जखम झाली, तात्या! मग डुक्कर पडलं कसं नाही?"

अरविंद निंबाळकर कोल्हापुरात वकिली करत. नेमाचा त्यांना भारी अभिमान. सिदूतात्या आजऱ्याच्या रानातले जुने शिकारी. निंबाळकर सुट्टीला त्यांच्याकडे शिकायला येत.

निंबाळकरांच्या गोळीनं जखमी झालेलं डुक्कर, रान उठवणाऱ्या हाकेवाल्या केरबाची मांडी फाडून कारवीच्या दाट झुडपात घुसलं होतं. केरबाला बैलगाडीत घालून दवाखान्याकडे नेलं होतं. कारवीच्या पलीकडे बायकांची पाणवठ्याची वाट होती.

तात्यांनी केसांसकट कातडीचा एक तुकडा उचलला. त्यात शिशाचे कण रुतले होते.

"गोळी कुठली?"

"हलकी, मऊ टोकाची. लागली की फुलते. भेकर जागेवर बसतं."

"भेकर बसतं."

"आणि नेम खांद्यावर, अगदी मधोमध होता."

"हितं कोर्ट न्हाई, वकीलसाहेब."

तात्यांनी ओढ्यातला चिखलाचा गोळा घेतला आणि समोरच्या खडकावर फेकला.

"केवढा पसरला?"

"परातीएवढा."

"आन् खडक?"

निंबाळकरांनी खडकावरचा चिखल पुसला. खाली ओरखडाही नव्हता.

जुन्या नराच्या खांद्यावर बोटभर जाडीचं चिवट कातडं असतं. मागच्या एका शिकारीत वकिलांनी ते सुरीनं कापलंही होतं. सकाळी गोळ्या भरताना मात्र आठवलं नव्हतं.

"नेम चुकला असता तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"केरबा आता भाकरी खात बसला असता."

तात्यांनी स्वतःची बंदूक त्यांच्या हातात दिली. "हिच्यातली गोळी जड हाय, टणक हाय. फुलत न्हाई, आत जाती."

"तुम्ही येता ना?"

"मागनं. मोकळ्या हातानं."

अकरा चाळीसला, कारवीत पासष्ट पावलं आत गेल्यावर, डुक्कर अंगावर आलं. जड गोळी छातीत शिरून काळजापार गेली. तात्यांनी पहिली जखम उघडून मापली. रुंदी चार बोटं, खोली एक पेर. हाड शाबूत.

तेवढ्यात गाडीवान पायीच परत आला. केरबा घाटातच गेला होता.

वकिलांनी बंदूक खडकाला टेकवून ठेवली. म्हणाले, "तात्या... त्याच्या बायकोला मी काय सांगू?"

तात्या सुरी पुसत होते.

"दारात जाऊन बसा. तीच इचारंल."