हुबेहूब राजवाड्यासारखं घर

"दिवाळीपर्यंत तुझं घर माझ्या वाड्यासारखं झालं पाहिजे. नाही झालं, तर चंबूगबाळं उचलायचं आणि गाव सोडायचं."

माणगडच्या झुंजारराव राजाने भर सदरेत असं फर्मावलं आणि गेनू बुरुडाच्या तोंडचं पाणीच पळालं.

घर ते केवढं? दोन खणांचं. बांबूचे कूड विणून वर माती लिंपलेल्या भिंती, त्यातली एक जेवून उठलेल्या भटजीसारखी पोट पुढे काढून उभी. छपराला कौलं कमी आणि आभाळ जास्त. असं हे घर राजवाड्याच्या बरोब्बर मागे होतं. राजाचे नवे व्याही दिवाळीला यायचे होते आणि त्यांना उतरायला मागची माडी दिली होती. सकाळी खिडकी उघडली की व्याह्यांना दर्शन कुणाचं? गेनूच्या घराचं. पाडून टाकावं, तर ती जागा राजाच्या आजोबांनी शपथेवर दिलेली. "घर नीट राखाल तोवर तुमचं," असं म्हातारा बोलून गेलेला. तेव्हा घर नीट नाही असं ठरवायची युक्ती कारभारी त्र्यंबकपंतांनी काढली. पंत हुशारच, पण दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायच्या कामी.

"महाराज," गेनू म्हणाला, "माझ्याजवळ चुन्यापुरता पैसा नाही. घडीव दगड कुठनं आणू?"

"ते तुझं तू बघ."

गेनूची लेक तुळसा बापाच्या मागे उभी होती. ती पदर सावरून पुढे झाली.

"महाराज, हुबेहूब वाड्यासारखंच ना?"

"हुबेहूब. तसूभर फरक चालायचा नाही."

"पण आम्ही वाडा बघायचा कुठनं? पुढच्या दाराशी आम्हाला उभं करत नाहीत. आत्तासुद्धा मोरीच्या दारानं आत घेतलं."

"पुढच्या दाराशी बुरुडांचं काय अडलंय?" पंत नाक मुरडून म्हणाले.

राजा वैतागला. "पोरी, जन्मल्यापासून वाड्याच्या सावलीत राहतेस. तुझ्या दारातनं वाडा दिसतो की नाही?"

"दिसतो की."

"मग दिसतो तसं घर कर. जा."

"जशी आज्ञा," तुळसा म्हणाली.

"ऐका, आता बुरुडणी राजवाडे बांधणार," पंत म्हणाले आणि सगळी सदर खो खो हसली.

घरी येऊन गेनू कपाळाला हात लावून बसला. तुळसा म्हणाली, "आबा, कपाळ राहू दे. बांबू चिरायला घे."

बापलेकीने पोट सुटलेला कूड काढून नवा विणला. भुसा आणि शेण घालून माती पायांनी तुडवली, भिंती लिंपल्या. कौलं उतरवून धड होती तेवढी पुन्हा चढवली, कमी पडली तिथे बांबूचे तट्टे घालून वर गवत शाकारलं. जमीन अशी सारवली की भाकरी खाली ठेवून खावी. घर आतून झकास झालं.

मग तुळसा विळा घेऊन वाळलेल्या भिंतीचे बाहेरून पोपडे काढायला लागली. खिडकीखाली चुलीची काजळी फासली. एका कोपऱ्यावर वरून खरकटं पाणी ओतून हिरवट ओघळ आणला. एका फटीत पिंपळाचं रोपटं खोचलं.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" शेजारची म्हातारी म्हणाली.

"असंल काकी. पण हात जाग्यावर आहेत."

दिवाळी आली, व्याही आले. पंत राजाच्या कानाशी लागले, "महाराज, चला, बुरुडाचं घर रिकामं करून घेऊ." व्याही म्हणाले, "मीही येतो. गंमत बघू." राजा आजवर वाड्याच्या मागे फिरकला नव्हता. तिकडे खरकटं जातं, तिकडे राजा कशाला जाईल? वाटेवर नाकाला शेला लावून, डोळे घराकडे ठेवून तो दाराशी आला. बघतो तर पोपडे, काजळी, ओघळ.

"हा माझा वाडा?" राजा कडाडला.

"हुबेहूब," तुळसा म्हणाली. "जरा मागं वळून ताडून घ्या, महाराज."

राजा वळला, आणि वळलेलाच राहिला. पुढून घडीव काळ्या दगडाचा, नक्षीच्या सज्जांचा त्याचा राजवाडा मागून उघड्या विटांचा होता. गिलावा गळालेला, मुदपाकखान्याची काजळी माडीपर्यंत चढलेली, मोरीचा हिरवा ओघळ जमिनीला लागलेला, आणि भिंतीतून पुरुषभर पिंपळ वर आलेला.

पंत चाचरत म्हणाले, "महाराज, मागून कोण बघतंय?"

"आम्ही बघतो," तुळसा म्हणाली. "माझ्या आज्यापासून बघतोय."

"पण वाड्याच्या विटा आहेत. तुझा तर बांबू दिसतोय."

"असू दे पंत. पोपडे मात्र तुमच्याच मापाचे काढलेत."

व्याह्यांना हसू आवरेना. "राजे, पोरीची एक चूक झाली हो. तुमचा पिंपळ केवढा आणि तिचा केवढा!"

"होईल की मोठा," तुळसा म्हणाली. "पंतांसारखा राखणदार मिळाला तर."

राजाचा चेहरा आधी लाल झाला. मग मिशा थरथरल्या, आणि तो असा हसला की शेला खाली चिखलात पडला.

"गेनू, जागा तुझी. नीट राखायची अट नाही, कसलीच अट नाही. ताम्रपट करून देतो. पंत, गवंडी बोलवा. चुना, दगड सगळं माझं. आधी हिचं घर होईल, मग माझा वाडा. आणि घराची दर्शनी भिंत अशी चढवा की येणाराजाणारा थांबला पाहिजे."

"पुढून नको, महाराज," तुळसा म्हणाली. "मागून सुरू करा. पाऊस मागनं मारतो."

राजा पुन्हा हसला. "ऐकलंत ना पंत? उचला पाटी." गवंडी घराच्या मागे गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ, डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन, त्र्यंबकपंत.