रात्री न घ्यायचे नाव

फार पूर्वी काशीदेशावर अरिंदम राजाची सत्ता असताना बोधिसत्त्वाने रानाकाठच्या एका खेड्यात वैद्याच्या घरी जन्म घेतला होता, आणि पुढे तोच गावचा वैद्य झाला. त्या गावाला रानापेक्षा अंधाराचे भय अधिक. दिवेलागण झाली की तिथे सापाला कोणी साप म्हणत नसे, 'दोरी' म्हणत. रात्री नाव घेतले की जनावर हाकेसरशी येते आणि घेणाऱ्यालाच डसते, अशी त्यांची समजूत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरे काय.

वैद्याच्या शेजारी उत्तिय नावाचा तरुण विणकर राहत असे. त्याची बायको पाटला दूरच्या गावाहून नुकतीच नांदायला आली होती. एका संध्याकाळी वासराचे दावे तुटले, म्हणून ती गोठ्यात गेली. ओसरीवरून उत्तियाला तिच्या पायांशी काळे वेटोळे हलताना दिसले.

"अगं जपून, तिथे दोरी आहे," तो ओरडला.

"बरं झालं, तीच शोधत होते," म्हणत ती वाकली.

खरा शब्द उत्तियाच्या जिभेवर आला होता, पण भोवती अंधार दाटला होता. तिचा हात खाली जात होता. जिवापाड प्रेमाची बायको, आणि दोन अक्षरे त्याच्याने उच्चारवेनात.

"साप आहे, पोरी. मागे हो," कुंपणापलीकडून वैद्य म्हणाला.

पाटला मागे सरली आणि वाचली. साप गवतात गेला. लोक मात्र जमले आणि वैद्यावर चिडले. "आता तो आमच्या दारांशी येईल," ते म्हणाले.

"नाव मी घेतलं. यायचा तर माझ्याकडे येईल. मी अंगणात बसतो, तुम्ही निजा."

निजले कोणीच नाही. उत्तिय दाराच्या फटीतून पाहत होता. वैद्याला काही झाले तर ते आपल्या वाटणीचे, हे त्याला कळत होते. शेवटी त्याला घरात बसवेना. तो बाहेर आला.

"काका, तिचा हात मला दिसत होता. तरी मी बोललो नाही."

"ये, बस इथे," वैद्य म्हणाला. "मलाही भीती वाटतेच आहे."

उजाडेपर्यंत दोघे बसून राहिले. साप काही आला नाही.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, दिवा मालवला की ज्याचा डोळा लागत नाही, ज्याला तुम्ही हसता, तो तुमच्यातला भिक्षू तेव्हा उत्तिय होता. पाटला म्हणजे त्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका. ते गावकरी तुम्हीच. आणि वैद्य मी होतो. आज रात्री त्याच्याजवळ जाऊन बसा. सत्य पारमिता, म्हणजे सत्याची परमसाधना, ती हीच, आणि करुणेवाचून ती पुरी होत नाही."