गडावर परका कोण?

नवे किल्लेदार रंगराव गडावर आले आणि आल्याआल्या त्यांनी दवंडी पिटवली, "गडावर जन्मला तोच आपला. परक्याला आसरा देईल त्याचा कडेलोट!"

त्याच आठवड्यात परमुलखातली एक बाई दरवाज्याबाहेर कळांनी विव्हळत पडली. पहारेकऱ्यांनी माना फिरवल्या. ते पाहून चिमाक्का सुईणीचं डोकं भडकलं. शिव्या हासडत तिने दरवाजा उघडायला लावला, बाईला घरी आणलं आणि तिचं बाळंतपण केलं.

सकाळी किल्लेदार दारात उभे राहिले. "परकी बाई घरात घेतलीस? आधी बाहेर काढ तिला!"

चिमाक्काने तान्हं लेकरू उचलून त्यांच्यापुढे धरलं. ती कडाडली,

"हे गडावर जन्मलंय, सरकार. तुमच्याच हुकमाने हे आपलं झालं. आता याच्या आईला हाकललं, तर याला दूध कोण पाजणार? आणि हुकूम पाळायचाच, तर सांगा, तुम्ही कुठे जन्मलात?"

रंगराव कोकणातले. पहारेकरी हसू दाबू लागले.

"तुम्हाला ठेवून घेतलं, तेव्हा आम्ही विचारलं नव्हतं!" चिमाक्का म्हणाली.

किल्लेदार तोंड पाडून परतले. दुपारी हुकूम मागे घेतल्याची दवंडी फिरली आणि किल्लेदारांकडून बाळंतिणीसाठी तूप आलं. चिमाक्काने तूप घेतलं, पण मुजरा काही केला नाही.