म्हाळोजीच्या वहाणा आणि बारा राघू

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा राघू माणसासारखं घडाघडा बोलायचे आणि माणसं ते ऐकून घ्यायची. हसू नका, पुढे ऐका.

एका डोंगराळ राज्यात एक नगरी होती आणि त्या नगरीची एक रीत होती. ज्याच्याकडे विकायला काही असेल, त्याने राघू पाळायचे, त्यांना आपल्या मालाची तारीफ पढवायची आणि सकाळी सोडून द्यायचं. राघू गावोगाव जायचे, पारावरच्या झाडावर बसायचे आणि ओरडायचे. कुणी तेलाची तारीफ करतोय, कुणी गुळाची, कुणी घोंगड्यांची. एकेका पिंपळावर चाळीस-चाळीस राघू! गावकरी बिचारे कानात बोटं घालून कामाला लागायचे.

याच नगरीत म्हाळोजी नावाचा एक वहाणा करणारा होता. हात असा, की त्याने केलेली वहाण दहा वर्षं फाटायची नाही. आणि त्याच्या वहाणेची खरी ऐट म्हणजे तिची करकर. तळाच्या दोन थरांमध्ये तो एक सुकी बी बसवायचा. माणूस चालू लागला की ती बी कुरकुरायची आणि चार घरांना कळायचं, कुणीतरी मोठा माणूस निघालाय. ही करकर म्हाळोजीला त्याच्या बापाने शिकवली होती. तिच्यावर त्याचा भारी जीव.

नगरीतल्या मानकऱ्यांनी त्या वहाणा हौसेने घेतल्या. पण वहाण दहा वर्षं टिकते म्हटल्यावर मानकरी परत येणार कधी? दहा वर्षांनी! आता माल खपायचा तर डोंगरातल्या गावांत खपायला हवा होता, आणि तिथे सुरुवातीला चार-पाच जोड गेले, मग एकही जाईना.

म्हाळोजीचा मेहुणा तेलघाणेवाला. माणूस मनाने चांगला, पण जिभेला हाड नाही. तो येऊन म्हणाला, "दाजी, दसऱ्याच्या बाजारात माल खपला नाही तर दुकान बंद करा आणि माझ्या घाण्यावर या. माझा बैल म्हातारा झालाय."

म्हाळोजीला मिरच्या झोंबल्या. "येतो! बाजारात माल उरला तर दुसऱ्या दिवशी हत्यारं गुंडाळून येतो," असं तो बोलून गेला. आणि त्या नगरीत दिलेला शब्द मागे घेत नसत.

दसऱ्याला दोन महिने होते. म्हाळोजीने काय करावं? सहा राघू होते, ते बारा केले. "राजाच्या पायात शोभतील अशा करकरीत वहाणा!" असं बारा राघू दिवसभर ओरडू लागले. गावांतून उत्तर आलं ते दगडांचं. दोन राघू लंगडत परत आले.

त्याची बायको भिवरा त्यांच्या पायाला हळद लावता लावता म्हणाली, "अहो, इतकं सांगताय लोकांना. एकदा विचारा तरी."

"विचारतो की! त्यात काय मोठं?" म्हाळोजी म्हणाला. आणि त्याने राघूंना प्रश्न पढवला, "म्हाळोजीच्या वहाणा राज्यात सगळ्यांत झकास आहेत ना? करकर किती गोड आहे ना?"

त्या काळच्या राघूंचा एक गुण होता. ऐकलेलं शब्दाला शब्द, सुराला सूर तसंच परत बोलायचे. संध्याकाळी बारा जणांनी बारा गावांची उत्तरं आणली. "हो हो, झकास आहेत. आता जा." "गोड आहे बाबा, गोड आहे. जा आता."

म्हाळोजीला आनंद मावेना. "ऐकलंस? बाराच्या बारा गावं खूश!"

"ते 'आता जा' ऐकलंत का?" भिवराने विचारलं.

"अगं, राघूच तो. काहीतरी बडबडतो."

आणि करकर लोकांना गोड लागते म्हणून या शहाण्याने एका बीच्या जागी दोन बिया बसवल्या! पुढच्या आठवडी बाजारात तो पंचवीस जोड घेऊन गेला आणि पंचवीस जोड घेऊन परत आला. एका गिऱ्हाइकाने वहाण पायात घालून पाहिली, दोन पावलं चालला आणि दचकून मागेच बघायला लागला.

त्या दिवशी म्हाळोजी जेवला नाही. बापाची रापी हातात घेऊन बसला. चामडं कापायची ती रापी बापाच्या मुठीने एका बाजूला झिजली होती. महिन्याभरात ती फडक्यात गुंडाळायची, या विचाराने त्याला रडू कोसळलं. "माझ्या हातात खोट आहे का गं?"

"हातात नाही. तोंडात आहे," भिवरा म्हणाली. मग त्याच्याशेजारी बसली आणि जरा मऊ आवाजात बोलली, "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही शाबासकी मागितलीत. दारात येऊन कुणी शाबासकी मागितली तर लोक देतात आणि दार लावून घेतात. ज्यांनी वहाण घेतली त्यांना विचारा, घातल्यावर काय झालं. ज्यांनी घेतली नाही त्यांना विचारा, का नाही घेतली. आणि मग गप्प बसा."

विचारायचं ठरलं, पण गप्प बसायचं राघूंना कोण शिकवणार? जन्मात कधी गप्प बसले नव्हते ते. एक राघू तर प्रश्नही स्वतःच विचारायचा, उत्तरही स्वतःच द्यायचा आणि वर स्वतःच "वा वा" म्हणायचा. आठ दिवस घर नुसतं डोक्यावर घेतलं होतं त्यांनी. शेवटी भिवराने युक्ती काढली. प्रत्येकाच्या पंज्यात पेरूची एक फोड दिली. प्रश्न विचारला की फोड चोचीत धरायची, आणि समोरचा बोलायचा थांबला की मगच खायची.

झालं! त्या फोडीने काम केलं. राघू गेले, विचारून गप्प राहिले, आणि माणसं बोलू लागली. इतकी बोलली की तीन राघू दुसऱ्या दिवशी परतले.

पहिला राघू एका सुईणीच्या आवाजात बोलला, "वहाण चांगली आहे हो. पण बाळ निजवून मी उठते, पाऊल टाकते, की झालं भोकाड सुरू."

दुसरा बोलला शेताच्या राखणदारासारखा, खाकरत. "डुकराला माझी चाहूल पार ओढ्यापलीकडून लागते. मी पोचेपर्यंत कणसं खाऊन तो पसार."

तिसऱ्याने एका म्हातारीचा आवाज काढला. "मेला तुमचा राघू भर दुपारी आमची झोप मोडतो. त्या रागाने मी तुमच्या दुकानावरून मान फिरवून जाते."

चौथा म्हणाला, "राजाच्या पायातल्या वहाणा आम्हाला कशाला? आम्हाला हव्यात काट्याकुट्यात चालणाऱ्या."

"पण त्या काट्यातच चालतात!" म्हाळोजी ओरडला. "बाभळीचा काटा आत येणार नाही असा तळ आहे माझा!"

"मग तसं कधी सांगितलंत?" भिवराने विचारलं.

आणि मग पाचवा राघू बोलला, एका धनगराच्या आवाजात. "करकर कसली ती! खाट मोडल्यासारखी. माझी मेंढरं उधळतात तिने."

म्हाळोजी लालेलाल झाला. बापाच्या करकरीला नावं ठेवतो? राघूला हाकलायला त्याने हात उगारला. पण राघूच्या चोचीत अजून बोलणं उरलं होतं. "वहाण मात्र सोन्यासारखी आहे. टाकवत नाही. म्हणून खुंटीला टांगलीय आणि अनवाणी फिरतोय. काल टाचेत काटा मोडला."

म्हाळोजीचा हात तसाच राहिला. आपण केलेली वहाण खुंटीवर, आणि माणसाचा पाय रक्ताळलेला! त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने रापी उचलली, समोरच्या जोडाचा तळ उसवला आणि बी काढून टाकली.

मग कामाला असा जुंपला, की विचारू नका. लग्नघरांसाठी एक बी घातलेल्या करकरत्या वहाणा, आणि मेंढपाळ, राखणदार, सुईणी यांच्यासाठी बिनआवाजी. जुन्या वहाणांतली बीही तो फुकट काढून देऊ लागला. राघू आता सगळीकडे एकच गाणं गात नव्हते. लग्नाच्या गावी करकरीची ऐट सांगत. माळावर मात्र, मेंढरं घरी वळायच्या वेळी एक राघू यायचा, एकदाच म्हणायचा, "बाभळीचा काटा आत येणार नाही, मेंढरू बिचकणार नाही," आणि उडून जायचा. दुपारी सगळे आढ्यावर बसून पेरू खायचे.

दसऱ्याचा बाजार भरला. उन्हं डोक्यावर यायच्या आत म्हाळोजीची गोणी रिकामी झाली. मेहुणा त्याला न्यायला म्हणून आला होता, तो गर्दीत चेंगरत कसाबसा पुढे आला आणि म्हणाला, "दाजी, बैलाला आणखी दोन वर्षं तरी ओढावं लागणार म्हणा!" म्हाळोजी पोट धरून हसला.

शेवटचा जोड एका धनगराने तिथेच पायात घातला आणि तो बाजाराबाहेर उभ्या असलेल्या आपल्या मेंढरांत शिरला. एकाही मेंढराने मान वर केली नाही. म्हाळोजीने कान टवकारले. काहीच ऐकू आलं नाही. धनगर माळ उतरून, काटेरी झुडपांतून सरळ निघून गेला, एकदाही न लंगडता. आपल्या वहाणेचा आवाज आला नाही म्हणून म्हाळोजीच्या डोळ्यांत आनंदाने पाणी येण्याची ती पहिलीच वेळ होती.

म्हणून बाळगोपाळांनो आणि त्यांच्या थोरल्यांनो, एवढं लक्षात ठेवा: गिऱ्हाइकाकडे शाबासकी मागू नये, त्याची अडचण विचारावी, आणि विचारल्यावर गप्प राहून ऐकावी.