दारावरचे सात नाल

जनावरं तोंडावर बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. केवलशेठची गहाणवटीची पेढी मोठी आणि शर्यतीचं वेड त्याहून मोठं. त्यांची टिकली नावाची घोडी शर्यत जिंकली, की शेठ तिच्या पुढच्या उजव्या पायाचा नाल उपटून घेत आणि शुभ म्हणून पेढीच्या दारावर ठोकत. तिला लगेच नवा नाल मारला जाई. असे सात नाल दारावर चढले.

आठव्या शर्यतीच्या सकाळी शेठ त्या दाराला हार घालत होते. टिकली म्हणाली, "शेठ, खूर आता खिळा धरत नाही. आज पळाले तर पाय कायमचा जाईल."

"सात नाल आहेत आपल्या पाठीशी. तू नुसती पळ."

"मग दारालाच न्या पळायला."

शेठ हसले आणि तिला मैदानात घेऊन गेले. इशारा झाला, सगळे घोडे सुटले. टिकली जागची हलली नाही. लोक फिदीफिदी हसले. शेठ तणतणत आले. लोकांचं गहाण दहादा पारखणाऱ्या त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा वाकून तिचा पाय हातात घेतला. खुराची चाळण झाली होती.

"अगं, आधी बोलायचंस ना," ते हळूच म्हणाले.

"बोलले की. तुम्ही दाराला हार घालत होता."